इंटरफिअरन्स आधीच माहीत आहे, तरी डीबी नेमके गळतात कुठे?

तारायंत्र

एकाच मास्टवरून दोन सिग्नल जातात. त्यातल्या दुसऱ्या सिग्नलचं प्रत्येक सँपल आपल्या ट्रान्समीटरला आगाऊ ठाऊक असतं. रिसीव्हरला त्याचा पत्ताच नाही, त्याच्या लेखी तो निव्वळ इंटरफिअरन्स. कोस्टाने १९८३ साली सिद्ध केलं की अशा चॅनलची क्षमता इंटरफिअरन्स मुळातच नसता तर जेवढी असती तेवढीच राहते, मग तो कितीही दांडगा असो. डर्टी पेपर कोडिंग हे नाव तिथूनच आलं.

आता सिम्युलेशनची मांडणी सांगतो. ४-पॅम, म्हणजे चार पातळ्यांचं मॉड्युलेशन: ±१ आणि ±३. मॉड्युलो ८, म्हणजे आकडा ८ च्या पटींनी सरकवून −४ ते ४ मध्ये आणायचा. चुका दुरुस्त करायला अर्ध्या रेटचा एलडीपीसी कोड, म्हणजे दर सँपलला १ बिट. शॅननच्या क्षमतेच्या सूत्राने १ बिटाला एसएनआर (सिग्नल भागिले नॉईज, पॉवरमध्ये) ३ लागतो, म्हणजे ४.७७ डीबी (डेसिबल). ६ डीबी दिले तर सव्वा डीबी हाताशी उरायला हवेत.

प्रत्यक्षात होतं ते असं:

(अ) इंटरफिअरन्स शून्य ठेवून नुसता मॉड्युलो चालू केला तरी ६ डीबीवर कोड सुटत नाही.
(आ) ९ डीबीवर, इंटरफिअरन्स शून्य असताना सगळं स्वच्छ सुटतं. पण इंटरफिअरन्स सिग्नलच्या ३० डीबी वर नेला की फ्रेम धडाधड पडतात. रिसीव्हरच्या गेनच्या अंदाजात १ टक्का चूक मुद्दाम ठेवली आहे.

रिसीव्हरवर मिळालेला आकडा मॉड ८ करून त्यावरून सरळ एलएलआर (बिट ० की १ याच्या खात्रीचा आकडा, डिकोडरसाठी) काढतोय. कोस्टाचं म्हणणं खरं असेल तर ही गळती कुठली?

वजाबाकी

एवढा खटाटोप कशाला? ट्रान्समीटरला माहीत आहे ना, मग वजा करून पाठवा. शाळेतलं गणित आहे.

मोजपट्टी

@वजाबाकी, शाळेतलंच करू. इंटरफिअरन्स सिग्नलच्या ३० डीबी वर आहे, म्हणजे त्याची पॉवर हजारपट. तो पुसायला तेवढीच पॉवर स्वतः ओतावी लागेल, म्हणजे एकूण १००१ पट. पॉवर ॲम्प्लिफायर ठरलेला असेल तर मूळ सिग्नलच ३० डीबीने खाली जाईल. इंटरफिअरन्स गेला आणि त्याच्यासोबत सिग्नलही.

मॉड्युलो हीच अडचण टाळतो. आकड्यांत बघा. पाठवायचं चिन्ह १, इंटरफिअरन्स ६.५. वजा केल्यावर −५.५ येतात, ते −४ ते ४ च्या बाहेर. म्हणून ८ मिळवा: २.५. हवेत २.५ सोडायचे. समोर पोचतात २.५ + ६.५ = ९. त्याने ९ मॉड ८ केलं की १. आपला १ पोचला, समोरच्याला ६.५ कधी कळलेच नाहीत, आणि आपण ४ च्या वर कधी गेलो नाही. नॉईज ०.३ असेल तर ९.३ चे १.३ होतात, निर्णय तरीही १.

रिसीव्हरच्या नजरेत १, ९, १७, −७ हे सगळे एकच चिन्ह. ट्रान्समीटर त्यातलं आत्ताच्या इंटरफिअरन्सला सगळ्यात जवळचं निवडतो आणि फक्त फरक पाठवतो. बाकी सगळी सजावट.

बिनतारी_बाबू

सिद्धांताकडे वळण्याआधी कोड तपासा. निम्मे लोक इथेच अडकतात.

१. सी भाषेतलं एफमॉड चालत नाही. त्याला −५.५ आणि ८ दिलेत तर ते −५.५ च परत देतं, कारण भागाकार शून्याकडे तोडतं. मॅटलॅबमधलं रेमही तसंच. हे लिहा: आकडा − ८ × फ्लोअर((आकडा + ४) / ८).

२. फिक्स्ड पॉइंटवर गेलात तर मॉड्युलो फुकट मिळतो. रजिस्टरचा पूर्ण पल्ला −४ ते ४ ला बसेल असं स्केलिंग करा आणि टू'ज कॉम्प्लिमेंटला ओव्हरफ्लो होऊ द्या, तो आपोआप गुंडाळला जातो. मात्र डीएसपीचं सॅच्युरेशन बंद आहे याची खात्री करा. ते चालू राहिलं तर −५.५ चे −४ होतात, आणि चूक फक्त मोठ्या इंटरफिअरन्सलाच दिसते. तुमच्या (आ) सारखीच.

३. एसएनआर मोजताना पॉवर कुठली धरली? साध्या ४-पॅमची सरासरी पॉवर ५ असते. मॉड्युलोनंतर आउटपुट −४ ते ४ मध्ये समान पसरतं, त्याची पॉवर ६४/१२ = ५.३३. फरक ०.२८ डीबी. २-पॅमला हाच फरक १.२५ डीबी होतो, १६-पॅमला ०.०२ सुद्धा नाही. छोट्या कॉन्स्टेलेशनला मॉड्युलो महागात पडतो तो असा.

तारायंत्र

फ्लोअर वापरलं आहे, सिम्युलेशन फ्लोटिंग पॉइंटवर आहे, पॉवर ५.३३ धरली आहे. म्हणजे तिन्हीतलं काही नाही.

कोसेट

मग (अ) चं उत्तर सरळ आहे. ६ डीबीवर तुमचा कोड सुटणं शक्यच नाही. एलडीपीसी बदलून बघू नका, त्या बिचाऱ्याचा दोष नाही.

मॉड ८ झालेल्या चॅनलमधून जास्तीत जास्त लॉग२(८) वजा नॉईजची एन्ट्रॉपी (बिटांत मोजलेली अनिश्चितता) एवढेच बिट जातात. लॉग२(८) म्हणजे ३. तुम्हाला १ बिट हवा, म्हणून नॉईजची एन्ट्रॉपी २ बिटांच्या आत राहायला हवी. गॉसियन नॉईजची एन्ट्रॉपी ½ लॉग२(२πe × व्हेरिअन्स). ती २ करायची तर २πe × व्हेरिअन्स = १६, व्हेरिअन्स ०.९३७. पॉवर ५.३३ ला त्याने भागा: ५.६९, म्हणजे ७.५५ डीबी. आयुष्यभर लांबीचा कोड घेतलात तरी याच्या खाली उतरता येणार नाही.

त्यातले काही डीबी मात्र परत मिळतात. तुम्ही अल्फा वापरलेला नाही. कोस्टाच्या सिद्धतेचा गाभाच तो आहे: इंटरफिअरन्स पूर्ण वजा करायचा नाही, अल्फा पट करायचा, अल्फा = पॉवर / (पॉवर + नॉईज). कृती अशी:

ट्रान्समीटर: (चिन्ह − अल्फा × इंटरफिअरन्स) मॉड ८ पाठवा.
रिसीव्हर: मिळालेल्याला अल्फाने गुणा, मग मॉड ८ करा.

हाती उरतं चिन्ह, वजा (१ − अल्फा) × पाठवलेला आकडा, अधिक अल्फा × नॉईज. इंटरफिअरन्स पूर्ण गेला. स्वतःच्याच सिग्नलचा थोडा कचरा आला, पण नॉईज त्याहून जास्त कमी झाला. एकूण व्हेरिअन्स होतो पॉवर × नॉईज / (पॉवर + नॉईज).

६ डीबीला एसएनआर ४, अल्फा ०.८. आधी नॉईज पॉवरच्या ०.२५ होता, आता ०.०४ + ०.१६ = ०.२०. जवळजवळ १ डीबीचा फायदा. हाच हिशेब १ बिटासाठी उलटा लावला तर मर्यादा ७.५५ वरून ६.७१ डीबीवर येते. तरीही ६ च्या वरच.

उलटाफुलटा

अल्फाचं इतकं कौतुक नको. टॉमलिन्सनने १९७१ मध्ये आणि हाराशिमा-मियाकावांनी १९७२ मध्ये हीच मॉड्युलोची युक्ती दिली तेव्हा अल्फा कुणाच्या डोक्यात नव्हता, आणि कोस्टाला यायला अजून अकरा वर्षं होती. १० गिगाबिट इथरनेटच्या तांब्याच्या तारेवर, २००६ च्या मानकात, टॉमलिन्सन-हाराशिमा प्रीकोडिंग आहे: १६ पातळ्यांचा पॅम, मॉड्युलो ३२, सेकंदाला ८० कोटी सिंबॉल, वर (२०४८, १७२३) चा एलडीपीसी. तिथे हा अल्फा कुठे दिसतो?

२५ डीबीवर अल्फा येतो ०.९९७. फायदा ०.०१४ डीबी. एवढ्यासाठी रिसीव्हरला आणखी एक गुणाकार आणि एसएनआरची अचूक माहिती लागणार. ज्याला परवडतं त्याने करावं.

कोसेट

२५ डीबीवर तुमचं शंभर टक्के बरोबर. धागाकर्ते ६ वर आहेत, तिथे तो जवळजवळ १ डीबी देतो. ० डीबीवर अल्फा ०.५ होतो आणि त्याच्याशिवाय गाडी हलतच नाही. आधी एसएनआर विचारा, मग अल्फा लावायचा की नाही ते ठरवा.

इथरनेटमध्ये आणखी एक गोष्ट वेगळी आहे. तिथला 'माहीत असलेला इंटरफिअरन्स' म्हणजे आपल्याच मागच्या सिंबॉलची शेपटी, तारेने पसरवलेली. समजा चॅनल १ + ०.९ डी आहे (डी म्हणजे एका सिंबॉलचा उशीर). उलटा फिल्टर नुसता लावला तर पॉवर १/(१ − ०.८१) = ५.२६ पट, म्हणजे ७.२ डीबीचा दंड. मॉड्युलो लावलात तर ४-पॅमला तोच दंड ०.२८ डीबी. ०.९ ऐवजी १ झाला तर उलटा फिल्टर स्थिरच राहत नाही, मॉड्युलोवाला मात्र −४ ते ४ च्या बाहेर जातच नाही.

वजाबाकी

म्हणजे व्यत्यय स्वतःच आणायचा आणि स्वतःच निस्तरायचा. घरोघरी मातीच्या चुली. :)

पण एक शंका. मागच्या सिंबॉलची शेपटी रिसीव्हरवरच का नाही कापायची? डिसिजन फीडबॅक इक्वलायझर तेच करतो ना?

उलटाफुलटा

करतो, पण निर्णय चुकला की चुकीची शेपटी कापतो आणि पुढचे निर्णयही बिघडवतो. शिवाय एलडीपीसीला पूर्ण फ्रेम हातात आल्याशिवाय निर्णय देता येत नाही, आणि फीडबॅकला निर्णय पुढच्याच सिंबॉलला हवा असतो. दोघांचं जमत नाही. ट्रान्समीटरला स्वतःचे सिंबॉल शंभर टक्के माहीत असतात, म्हणून फीडबॅक तिकडे हलवला. त्याच तारेवरचा स्वतःचा इको रिसीव्हरच्या बाजूला माहीत असतो, तो तिथेच वजा होतो, तिथे मॉड्युलोचं काम नाही.

अर्धा_बिट

एलएलआरकडे कुणी बघितलं का? «मॉड ८ करून सरळ एलएलआर» हे वाचून शंका आली.

४-पॅमचा सर्वसाधारण एलएलआर +३ ला टोकाचं चिन्ह धरतो: ३.९ आलं म्हणजे अगदी खात्रीने +३. मॉड्युलोत टोक नसतंच. ३ पाठवला, नॉईज १.२ आला, ४.२ झाला, गुंडाळून −३.८. साधा एलएलआर तो ठामपणे −३ म्हणेल. म्हणून प्रत्येक चिन्हाच्या प्रतिकृतीही धरा: चिन्ह − ८, चिन्ह, चिन्ह + ८, तिघांच्या संभाव्यतांची बेरीज. ६-७ डीबीला तीन पुरतात, त्यापलीकडच्या प्रतिकृतींचा वाटा नगण्य. मॅक्स-लॉग करत असाल (बेरजेऐवजी फक्त सगळ्यात मोठी संभाव्यता) तर तिघांतली जवळची घ्या.

समाधानाची बाब एवढी, की ग्रे मॅपिंग (शेजारच्या चिन्हांत एकाच बिटाचा फरक) चक्राकार असतं. −३ ला ००, −१ ला ०१, १ ला ११, ३ ला १०. ३ वरून गुंडाळून −३ वर गेलात तरी एकच बिट उलटतो. मॅपिंग बदलायची गरज नाही.

आणि अल्फा लावलात तर एलएलआरमधला व्हेरिअन्सही बदला. पॉवर × नॉईज / (पॉवर + नॉईज) टाका, जुना नॉईज नको. एलडीपीसीच्या सोप्या मिन-सम डिकोडरला स्केलची पर्वा नसते, म्हणून तिथे ही चूक लपते. अचूक सम-प्रॉडक्टवर गेलात की उघडी पडते.

मोजपट्टी

आता (आ). तिथे कोडिंगचा संबंधच नाही, गेनची चूक आहे.

मॉड्युलोच्या आधी रिसीव्हरकडे जो आकडा आहे त्यात पूर्ण इंटरफिअरन्स अजून आहे. गेन १ टक्क्याने चुकला तर मॉड्युलोनंतर इंटरफिअरन्सचा १ टक्का मागे उरतो. १ टक्का म्हणजे −४० डीबी. इंटरफिअरन्स सिग्नलच्या ३० वर, म्हणजे उरलेला कचरा सिग्नलच्या फक्त १० डीबी खाली. त्यात तुमचा ९ डीबीचा नॉईज मिळवा: ०.१०० + ०.१२६ = ०.२२६. हाती एसएनआर ६.५ डीबी. @कोसेट यांनी काढलेल्या ७.५५ च्याही खाली, ६.७१ च्याही. फ्रेम पडणारच.

फेजचंही तेच. १ अंशाची चूक म्हणजे ०.०१७५ रेडियन, −३५ डीबी. ३० डीबीच्या इंटरफिअरन्सवर उरलेला कचरा सिग्नलच्या जेमतेम ५ डीबी खाली. क्यूएएमवर (दोन अक्षांवरच्या पॅमवर) जाल तेव्हा कॅरिअर रिकव्हरी आधी बघा.

«इंटरफिअरन्स कितीही दांडगा असो» हे वाक्य कोस्टाच्या चॅनलपुरतं खरं आहे, कारण त्यात गेन नेमका १ आहे आणि तो दोघांनाही ठाऊक आहे.

शांतता_राखा

+१. त्यात एडीसीही (सिग्नलचे आकडे करणारा) धरा. ६.०२ डीबीला १ बिट. इंटरफिअरन्स ३० डीबी वर, म्हणजे ५ बिट निव्वळ त्याच्यासाठी. ८ बिटांचा एडीसी घेतला असेल तर सिग्नलला ३ उरतात. आणि एजीसी (गेन आपोआप लावणारा) इंटरफिअरन्सलाच सिग्नल समजून त्यावर लॉक होतो, त्याची चढउतार झाली की गेन हलतो. मग मॉड्युलोच्या खिडकीची रुंदी सरकते. एजीसी फ्रेमच्या सुरुवातीला लावून पुढे गोठवा.

तारायंत्र

(अ) पूर्ण पटलं. (आ) चं कारणही कळलं, पण उपाय? गेनचा अंदाज १ टक्क्यापेक्षा चांगला कसा काढायचा? रिसीव्हरला इंटरफिअरन्स माहीतच नाही, आणि पायलटवरही तो बसलेलाच असतो.

मोजपट्टी

पायलटही मॉड्युलोतूनच पाठवा, त्या जागांवर अल्फा १ ठेवून. म्हणजे रिसीव्हरवर गुंडाळण्याआधीचा आकडा बरोबर पायलट + ८ चा कुठलातरी पट, अधिक नॉईज, अधिक गेनची चूक. तो पट कुठला हे माहीत नसलं तरी बिघडत नाही.

१. गुंडाळण्याआधीचा आकडा र जपून ठेवा.
२. चूक = (र − पायलट) मॉड ८. ही −४ ते ४ मध्ये येते.
३. गेनची चूक ≈ (चूक × र यांची बेरीज) / (र च्या वर्गांची बेरीज).
४. गेन तेवढ्याने सुधारा, पुन्हा एकदा करा.

इथे एक गंमत आहे. जो दांडगा इंटरफिअरन्स त्रास देतो तोच गेन मोजायला लांबलचक पट्टी देतो. तुमच्या आकड्यांत: सिग्नलचा आरएमएस २.३१, इंटरफिअरन्सचा त्याच्या ३१.६ पट, म्हणजे ७३. ९ डीबीला नॉईजचा सिग्मा ०.८२. ६४ पायलट घेतले तर गेनच्या अंदाजातली चूक ०.८२ / (८ × ७३) = ०.००१४. म्हणजे ०.१४ टक्के. उरलेला कचरा −५७ + ३० = −२७ डीबी. एकूण एसएनआर ९ वरून ८.९ वर येतो, बस.

सुरुवातीची चूक मात्र खिडकीत बसायला हवी. १ टक्का × ७३ = ०.७३, नॉईजसकट ±४ मध्ये आरामात बसतं. ५ टक्के असती तर ३.६५ झाले असते आणि चूकच गुंडाळली गेली असती. तशा वेळी पहिल्या फेरीत फक्त लहान र असलेले पायलट घ्या, गेन जरा जागेवर आला की बाकीचे.

अर्धा_बिट

याच कारणाने नेहमीच्या डेटा-निर्णयांवरून गेन सुरुवातीला शोधू नका. तिथे खिडकी ±१ ची असते, ०.७३ आणि ०.८२ मिळून तीत मावत नाहीत. गेन एकदा बसला की मग हळू एलएमएसने (दर सँपलला थोडी दुरुस्ती) पाठलाग करायला हरकत नाही.

शून्यमध्य

अवांतर: हीच कल्पना मेमरीतही आहे आणि तारायंत्रांच्या प्रश्नापेक्षा जुनी आहे. कुझ्नेत्सोव्ह आणि त्सिबाकोव्ह यांनी १९७४ मध्ये अडकलेल्या सेलचा प्रश्न मांडला: लिहिणाऱ्याला कुठला सेल ० वर किंवा १ वर अडकलाय हे माहीत, वाचणाऱ्याला नाही. गेलफंड-पिन्स्करांचं १९८० चं सर्वसाधारण सूत्र त्याच वाटेवरचं, आणि कोस्टाने तेच गॉसियन चॅनलला लावलं.

सगळ्यात लहान उदाहरण: ८ सेल, त्यातला कुठलातरी १ अडकलेला. ७ सेलमध्ये डेटा, आठव्यात झेंडा ०. अडकलेल्या सेलमध्ये हवा तोच बिट असेल तर तसंच लिहा. नसेल तर आठही उलटवून लिहा, झेंडा १ होतो. वाचणारा झेंडा बघतो, १ असेल तर सातही उलटवतो. अडकलेला सेल झेंड्याचाच असला तरी चालतं, कारण झेंडा ज्यावर अडकलाय त्याप्रमाणे बाकीचे लिहायचे. ८ सेलमध्ये ७ बिट, आणि वाचणाऱ्याला काहीच सांगावं लागलं नाही. सेल टाळण्याऐवजी त्याच्याशी जुळवून घेतलं.

वजाबाकी

हे सगळ्यात आवडलं. यात डीबी नाहीत.

बिनतारी_बाबू

डीबीच्या दिशेने परत. एक अँटेना, एक रिसीव्हर इथवर ठीक. पण डर्टी पेपरची खरी चर्चा अनेक युजर असलेल्या डाउनलिंकमुळे झाली. तिथे हे इतकं चांगलं असेल तर ५जीत लिनिअर प्रीकोडिंगच (मॉड्युलोशिवाय, नुसता मॅट्रिक्सचा गुणाकार) का? डीएसएलच्या, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेटच्या, व्हेक्टरिंगमध्ये (शेजारच्या तारांचा क्रॉसटॉक काढणं), २०१० च्या मानकातही लिनिअरच आहे.

उलटाफुलटा

व्हेक्टरिंगचं कारण सोपं. १७ मेगाहर्ट्झपर्यंत शेजारच्या जोडीतून येणारा क्रॉसटॉक स्वतःच्या सिग्नलपेक्षा बराच खाली असतो. मॅट्रिक्सचा कर्ण भारी, उलटा काढला तर पॉवर फारशी वाढत नाही. मॉड्युलोने वाचवायला तिथे काही उरतच नाही. डीएसएलच्या पुढच्या जी.फास्ट मानकात १०६ आणि २१२ मेगाहर्ट्झकडे गेलं की क्रॉसटॉक थेट सिग्नलच्या बरोबरीला येतो, आणि तिथे नॉनलिनिअरचा विचार सुरू होतो.

५जीत रिसीव्हर पायलटवरून प्रीकोडिंगसकट एकत्र चॅनल मोजतो. प्रीकोडिंग लिनिअर आहे तोवर ट्रान्समीटरने काय केलं हे त्याला सांगावं लागत नाही. मॉड्युलो आला की खिडकीची रुंदी आणि स्केल सांगा, रिसीव्हर बदला. शिवाय अँटेना भरपूर असतील तर युजरांचे चॅनल आपोआप जवळपास काटकोनात येतात, लिनिअरने भागतं.

कोसेट

रिसीव्हर बदलायचा त्रास मान्य. पण सगळ्यात मोठं कारण ट्रान्समीटरच्या बाजूला आहे. दोन युजर, दोन अँटेना घेऊन बघू.

पहिल्याचा चॅनल (१, ०.९), दुसऱ्याचा (०.९, १). जवळजवळ सारखेच, म्हणजे वाईट परिस्थिती. झिरो-फोर्सिंग केलं (चॅनलचा मॅट्रिक्स सरळ उलटा काढला) तर डिटरमिनंट ०.१९, आणि प्रत्येक युजरच्या हाती पॉवर गेन ०.०२ उरतो, −१७ डीबी. दोघांचं सारखंच वाटोळं.

आता क्यूआर करून (मॅट्रिक्स त्रिकोणी करून) टॉमलिन्सन-हाराशिमा. पहिल्या युजरला पूर्ण बीम, त्याचा गेन १.८१. दुसऱ्याचा बीम पहिल्याला काटकोनात, म्हणून पहिल्याला त्याचा त्रास नाही. पहिल्याचा मात्र दुसऱ्यावर पडतो, तो ट्रान्समीटरला माहीत आहे, मॉड्युलोने काढून टाकला. पहिल्याचा फायदा ०.०२ वरून १.८१, साडेएकोणीस डीबी. दुसऱ्याचा गेन? ०.०२. तेवढाच. शेवटच्या नंबरला झिरो-फोर्सिंगपेक्षा एक दमडी जास्त मिळत नाही. म्हणून युजरांचा क्रम कसा लावायचा हाच निम्मा प्रश्न असतो.

आणि त्या दुसऱ्याच्या सिग्नलच्या मानाने पहिल्याचा इंटरफिअरन्स किती? त्रिकोणी मॅट्रिक्समध्ये १.३३८ भागिले ०.१४१, म्हणजे ९.४७ पट. हा आकडा ट्रान्समीटरकडे १ टक्क्याने चुकीचा असेल तर ०.०९५ पट कचरा उरतो, −२०.५ डीबी. एसएनआर ४० डीबी केलात तरी दुसरा युजर २०.५ च्या वर चढणार नाही. हवेतला चॅनल रिसीव्हरने मोजायचा, क्वांटाइझ करून परत पाठवायचा, तोवर तो बदललेला. १ टक्का अचूकता ही तिथे चैन आहे. डीएसएलची तार जागची हलत नाही, म्हणून तिथे जमू शकतं.

केअर आणि शमाई यांनी २००३ मध्ये आणि वाइनगार्टन, स्टाइनबर्ग, शमाई यांनी २००६ मध्ये दाखवलेली क्षमता खरीच आहे. पण त्यात चॅनल पूर्ण माहीत धरलेला आहे.

अर्धा_बिट

शेवटच्या युजरची रड कमी करायची असेल तर व्हेक्टर पर्टर्बेशन. क्रमाने एकेक मॉड्युलो करण्याऐवजी सगळ्या युजरांच्या ८ च्या पटींची निवड एकदम करायची, एकूण पॉवर सगळ्यात कमी होईल अशी. होखवाल्ड, पील, स्विंडलहर्स्ट, २००५. रिसीव्हर तोच, मॉड ८. ट्रान्समीटरवर मात्र दर सिंबॉलला स्फिअर सर्च (जवळच्या सगळ्या पर्यायांचा शोध) लागतो. एलएलएल अल्गोरिदमने लॅटिस (या पटींचं बिंदूंचं जाळं) आधी नीट केली तर साध्या राउंडिंगनेही बराचसा फायदा मिळतो, आणि तो खर्च चॅनल बदलेल तेव्हाच.

तारायंत्र

माझ्या एका युजरकडे परत येतो. अल्फा, प्रतिकृतींसकट एलएलआर आणि मॉड्युलोतले पायलट तिन्ही लावतो. म्हणजे गाठता येण्याजोगी मर्यादा ६.७१. शॅननचे ४.७७. मधले १.९४ डीबी कुणाच्या खिशात?

कोसेट

घनाच्या. −४ ते ४ ही खिडकी म्हणजे अनेक सँपल एकत्र बघितले तर एक घन, आणि गॉसियनसारखी पॉवर वाचवायची तर गोल हवा. दोघांतला फरक २πe/१२, म्हणजे १.५३ डीबी. तुमच्या सूत्रात तो (१ + एसएनआर) वर बसतो: ४ × १.४२३ = ५.६९, त्यातून १ वजा केला की ४.६९, म्हणजे ६.७१ डीबी. एसएनआर कमी असल्याने १.५३ चे १.९४ दिसतात. एसएनआर जितका खाली, तितका हा फरक फुगतो.

वाचवायचे असतील तर एक-एक सँपलचा मॉड्युलो सोडून अनेकांचा एकत्र करा. ८ मितींच्या ई८ लॅटिसने ०.६५ डीबी मिळतात, २४ मितींच्या लीच लॅटिसने १.०३. प्रत्यक्षात ट्रेलिस शेपिंग सोपं पडतं:

अर्ध्या रेटचा, ४ स्टेटचा कॉन्व्होल्युशनल कोड घ्या. दर दोन सिंबॉलचे वरचे बिट मिळून फक्त १ बिट माहिती न्यायची, ती सिंड्रोममध्ये (कोडच्या तपासणीतून निघणाऱ्या आकड्यात). या कोडचा कुठलाही कोडवर्ड त्या वरच्या बिटांत मिळवला तरी सिंड्रोम बदलत नाही, म्हणजे निवड ट्रान्समीटरच्या हाती. ती व्हिटर्बीने करा (सगळ्या रस्त्यांतला सगळ्यात स्वस्त रस्ता शोधणारा अल्गोरिदम). मेट्रिक आहे (चिन्ह − अल्फा × इंटरफिअरन्स) मॉड खिडकी, त्याचा वर्ग. कमीत कमी पॉवरचा रस्ता निघतो. ४ स्टेटला जवळपास १ डीबी परत येतो. दर सिंबॉलला अर्धा बिट गेला, तो भरून काढायला ८-पॅमवर जावं लागेल, खिडकी १६ ची.

रिसीव्हरवर वरच्या बिटांना कठोर निर्णय लावू नका, ट्रेलिसवर (कोडच्या स्टेटच्या जाळ्यावर) बीसीजेआर अल्गोरिदम चालवून सॉफ्ट आकडे एलडीपीसीला द्या. नाहीतर कमावलेला डीबी तिथेच जाईल. एरेझ आणि टेन ब्रिंक यांनी २००५ मध्ये याच धर्तीवर ट्रान्समीटरला व्हिटर्बी, रिसीव्हरला पुनरावृत्त डिकोडिंग ठेवून क्षमतेच्या जवळ जाऊन दाखवलं.

शांतता_राखा

व्हिटर्बीला पुढचा इंटरफिअरन्स आधी लागेल. किती आधी?

कोसेट

कन्स्ट्रेंट लेंग्थ ३, ट्रेसबॅक त्याच्या पाचपट धरा: १५ पायऱ्या, दर पायरीला २ सिंबॉल, म्हणजे ३० सिंबॉल. दुसरा सिग्नल त्याच मास्टवर तयार होतोय, तेवढा बफर तारायंत्रांना जड जाऊ नये. इंटरफिअरन्स जर स्वतःच्याच मागच्या सिंबॉलची शेपटी असेल, इथरनेटसारखी, तर मात्र एक बफर पुरत नाही. मग व्हिटर्बीच्या प्रत्येक सर्व्हायव्हरला (अजून शर्यतीत असलेल्या रस्त्याला) आपापली शेपटी स्वतंत्र सांभाळावी लागते, कारण रस्ता बदलला की इंटरफिअरन्सही बदलतो.